दुसरी वाट प्रकाशाची: पांढुर्णा–सौंसरसाठी एक खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, दूरसंचार विभाग, भारत सरकार
मा. प्रशासक, डिजिटल भारत निधी
मा. अध्यक्ष, भारतीय अंतराळ संशोधन संस्था
मा. कलेक्टर, पांढुर्णा जिल्हा, मध्य प्रदेश

विषय: लेसर-किरणांवर चालणाऱ्या दळणवळण यंत्रांची पांढुर्णा जिल्ह्यात वर्षभर चाचणी घेऊन तिचा हिशेब जाहीर करण्याबाबत.

महोदय,

आमचा जिल्हा नवा आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर वेगळे काढून तो तयार झाला. कलेक्टर कचेरी जवळ आली, जनसुनवाईसाठी छिंदवाड्याची फेरी वाचली, याचे समाधान आहे. पण आज कचेरीचे बरेचसे काम कागदावर होत नाही, पडद्यावर होते. पडद्याला जे नेटवर्क लागते ते सातपुड्याच्या या उतारांवर गावोगाव सारखे पोचलेले नाही, आणि जिथे पोचले आहे तिथे ते टिकेलच याची खात्री नाही. त्याबद्दल हे पत्र आहे.

मागणी आधीच सांगतो. काचेच्या तंतूऐवजी मोकळ्या हवेतून लेसर-किरणावर माहिती नेणारी यंत्रे या जिल्ह्यातल्या निवडक ठिकाणी उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे एक पूर्ण वर्ष चालवून पाहा, आणि त्यांचा बरावाईट सगळा हिशेब लोकांपुढे मांडा. ऑप्टिकल फायबरचे काम थांबवा असे आम्ही म्हणत नाही. फायबर हवेच. पण ते तुटले की गावाला दुसरी वाट हवी, आणि ती वाट प्रकाशाची असू शकते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

अडचण नेमकी कुठे आहे

राशन दुकानात काय होते ते पाहा. म्हातारी बाई मशीनवर अंगठा ठेवते. मशीन गोल फिरत राहते. दुकानदार मशीन उचलून दाराबाहेर नेतो, उंच धरतो, पुन्हा आत आणतो. अंगठा पुसून पुन्हा ठेवायला सांगतो. धान्य समोर पोत्यात आहे, बाई समोर उभी आहे, कार्ड खरे आहे. अडले आहे ते काही क्षणांच्या नेटवर्कसाठी. कियॉस्कवरही तेच. समग्र आयडीची ई-केवायसी असो, खसऱ्याची नक्कल असो की परीक्षेचा फॉर्म, ‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर ऐकून माणूस मजुरीचा दिवस बुडवून घरी जातो. संत्र्याचा बागवान आता नागपूरचा आणि त्यापलीकडचा भाव फोनवर पाहून व्यापाऱ्याशी बोलतो. ज्या दिवशी सौदा ठरायचा त्याच दिवशी फोन मुका झाला, तर नुकसान कोणाचे होते हे वेगळे सांगायला नको.

यामागची कारणेही आम्हाला ठाऊक आहेत. फायबर बहुधा रस्त्याच्या कडेने येते. त्याच कडेने पाण्याची पाइपलाइन जाते, तिथेच रस्ता रुंद होतो, आणि जेसीबीच्या एका फटक्यात तार तुटते. मग जोडणारे पथक येईपर्यंत त्या तारेवरची सगळी गावे बंद. डोंगराकडे मुरमाखाली काळा दगड लागतो, जंगलाच्या हद्दीत खोदायला वनखात्याची परवानगी लागते, आणि कन्हान, जाम यांसारख्या नद्या ओलांडायला पुलाचाच आधार घ्यावा लागतो.

सरकारला हे माहीत नाही असे नाही. 2011 मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क म्हणून सुरू झालेली आणि पुढे भारतनेट या नावाने चाललेली योजना याच अनुभवातून बदलली गेली. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्र सरकारने 1,39,579 कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला. त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे ग्रामपंचायती रिंग पद्धतीने जोडण्याचा निर्णय. आधी ब्लॉकपासून निघालेली तार गावापाशी संपत असे. रिंगमध्ये ती वर्तुळ पुरे करून परत येते, म्हणून एका ठिकाणी तुटली तरी माहिती उलट्या बाजूने फिरून पोचते.

पण रिंग कागदावर काढणे सोपे असते, जमिनीवर तिची दुसरी बाजू पुरी करणे अवघड असते. पहिली वाट रस्त्याने गेली. दुसरी वाट नदी, घाट किंवा जंगल ओलांडूनच येणार. तीही त्याच रस्त्याच्या कडेने, त्याच पुलावरून नेली, तर एकाच जेसीबीने दोन्ही तुटतील आणि रिंग नावापुरती उरेल. आमचा मुद्दा नेमका इथे आहे. रिंगचे जे तीन-चार किलोमीटर खोदून पुरे होत नाहीत, तेवढे प्रकाशाने पुरे करून पाहा.

यंत्र कसे चालते

फायबरमध्येही माहिती नेतो तो प्रकाशच. इथे फक्त काच नसते. एका पाण्याच्या टाकीवर एक यंत्र, समोरच्या टेकडीवर किंवा शाळेच्या गच्चीवर दुसरे. दोघांमध्ये भिंत, झाड, डोंगराचा खांदा असे काहीही आड यायला नको. एका यंत्रातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण निघतो, साधारण 1550 नॅनोमीटर तरंगलांबीचा. फायबरमध्ये वापरतात तसाच. सेकंदाला अब्जावधी वेळा त्याची तीव्रता किंवा कला बदलून त्यात माहिती भरली जाते. समोरचे भिंग तो गोळा करते आणि प्रकाश-संवेदकाकडे पाठवते. दोन्ही दिशांनी हे एकाच वेळी चालते.

यातले खरे कसब नेम धरण्यात आहे. किरण एक हजारांश रेडियन इतका पसरला, तर एका किलोमीटरवर त्याची रुंदी एक मीटर होते. पाच किलोमीटरवरच्या हातभर यंत्रावर पुरेसा प्रकाश पडावा म्हणून किरण याहून कितीतरी बारीक ठेवावा लागतो. मग वाऱ्याने मनोरा किंचित हलला, उन्हाने लोखंड प्रसरण पावले, तरी नेम चुकतो. म्हणून यंत्रात छोटे आरसे असतात. समोरून येणारा प्रकाश कुठे पडतो आहे हे सतत पाहून ते आरसे स्वतःला सावरत राहतात. मे महिन्यात डांबरी रस्त्यावरची हवा थरथरताना दिसते. तीच थरथर किरणालाही भोवते. त्याची तीव्रता क्षणाक्षणाला कमीजास्त होते. यावर उपाय आहेत: मोठे भिंग, चुका दुरुस्त करणारी संकेतपद्धती, आणि जमिनीपासून पुरेशी उंची.

दोन गोष्टी इथे या यंत्रांच्या बाजूने जातात. एक म्हणजे परवाना. 1885 च्या भारतीय तार कायद्याने रेडिओ लहरींची मर्यादा 3000 गिगाहर्ट्झला आखली होती, आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघही तीच मर्यादा धरतो. हा प्रकाश सुमारे 1,93,000 गिगाहर्ट्झचा. रेडिओ स्पेक्ट्रमचा लिलाव आणि वाटप यांच्या कक्षेत तो येत नाही. दुसरी म्हणजे आमची जमीन. सौंसर सखलात आहे, वर सिल्लेवानीचा घाट चढला की छिंदवाड्याचे पठार. मधल्या टेकड्यांवर उभे राहिले की खालची गावे डोळ्यांसमोर असतात. खोदणाऱ्याला जी उंचसखल जमीन नडते, तीच समोरासमोर पाहणाऱ्या यंत्राला सोयीची पडते.

या मुलखात प्रकाशाने अंतर जोडण्याचा वारसा जुना आहे. हिंदुस्थानची महात्रिकोणमितीय मोजणी करणारा विल्यम लॅम्ब्टन 1823 मध्ये मोजणी उत्तरेकडे नेत असतानाच विदर्भातल्या हिंगणघाटला वारला. त्याच्या मागून जॉर्ज एव्हरेस्टने ती मोजणी हिमालयापर्यंत नेली, तेव्हा दूरच्या टेकडीवरचे ठाणे दिसावे म्हणून आरशाने सूर्याचा किरण फेकणारे हेलिओट्रोप वापरले गेले. धूळ आणि धुरकट हवा हा त्या मोजणीदारांचाही शत्रू होता. पावसाने हवा धुतली गेली की त्यांना दूरवरचे दिसे, म्हणून हिवतापाचा धोका पत्करून ते पावसाळ्यात काम करत.

जगाने आतापर्यंत काय केले

अलेक्झांडर ग्रॅहम बेलने 1880 मध्ये फोटोफोन केला. आवाजाने थरथरणाऱ्या आरशावरून सूर्यप्रकाश परावर्तित करून त्याने 213 मीटरवर शब्द पोचवले. ढग आले की बोलणे बंद, म्हणून ते यंत्र मागे पडले. लेसर आणि संवेदक सुधारल्यावर तीच कल्पना परत आली.

आमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उदाहरण आफ्रिकेतले आहे. काँगो नदीच्या एका काठावर ब्राझाव्हिल, समोरच्या काठावर किन्शासा. मधल्या खोल, वेगवान पात्रामुळे फायबरला 400 किलोमीटरहून अधिक वळसा पडत होता. गूगलच्या मूळ कंपनीच्या तारा या प्रकल्पाने नदीवर 4.8 किलोमीटरचा प्रकाशदुवा उभारला. 2021 मध्ये त्यांनी सांगितले की 20 दिवसांत त्यावरून सुमारे 700 टेराबाइट माहिती गेली आणि दुवा 99.9 टक्के वेळ चालू राहिला. हा आकडा यंत्र बनवणाऱ्यांचाच आहे आणि 20 दिवसांचाच आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. तारा पुढे 2025 मध्ये स्वतंत्र कंपनी झाली.

भारतातही हे नवे नाही. डिसेंबर 2017 मध्ये आंध्र प्रदेशाच्या फायबरनेटसाठी असे 2000 संच घेण्याची घोषणा झाली. 2023 मध्ये भारती एअरटेल आणि तारा यांच्या भागीदारीची बातमी आली. घोषणेने गाव जोडले जात नाही. कुठला दुवा कोणत्या महिन्यात किती तास बंद होता, हे पंचायतीच्या फलकावर वाचता आले पाहिजे.

अंतराळात तर हे तंत्र आज रोजच्या कामाचे झाले आहे. नासाच्या सायकी यानावरच्या लेसर यंत्राने डिसेंबर 2023 मध्ये सुमारे 3.1 कोटी किलोमीटरवरून सेकंदाला 267 मेगाबिट या वेगाने चलचित्र पृथ्वीवर पाठवले. यानावरची दुर्बीण होती फक्त 22 सेंटीमीटरची. प्रकाश गोळा करायला मात्र कॅलिफोर्नियातली पालोमारची पाच मीटरची दुर्बीण लागली. युरोपचे रिले उपग्रह 2016 पासून लेसरने माहिती घेत आहेत. स्टारलिंकचे उपग्रहही आपसांत लेसरनेच बोलतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण गावात तो सर्रास ऐकू येतो. उपग्रहांचा लेसर आपल्या छपरावर उतरत नाही. उपग्रह ते उपग्रह प्रकाश, आणि उपग्रह ते घरची तबकडी रेडिओ, अशी ती रचना आहे. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव यांसारख्या भागांसाठी स्टारलिंकशी इरादापत्र केले. सीमेपलीकडचे नातेवाईक विचारतात, तुमच्याकडे कधी? उपग्रह एकाकी पाड्याला उपयोगी पडेल, त्याचे स्वागतच आहे. पण ग्रामपंचायत, शाळा, आरोग्य केंद्र आणि बाजार यांचा एकत्रित भार रोज वाहायला जमिनीवरची रुंद वाट लागते. ती फायबरची किंवा फायबरच्या तोडीची हवी.

आपल्या संस्थांकडेही या तंत्राची जाण आहे. मार्च 2021 मध्ये इस्रोने अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात 300 मीटर मोकळ्या हवेतून क्वांटम सुरक्षित दळणवळण करून दाखवले. जून 2025 मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी एक किलोमीटरहून अधिक अंतरावर गुंतलेल्या प्रकाशकणांच्या आधारे संदेश गुप्त ठेवणारी कळ तयार केली. एप्रिल 2023 मध्ये मंजूर झालेल्या 6003.65 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेचे एक उद्दिष्ट उपग्रहाद्वारे 2000 किलोमीटरपर्यंत सुरक्षित संपर्क हे आहे. या सगळ्यांना हवेतून प्रकाश नेण्याचा अनुभव लागणार आहे, तोही प्रयोगशाळेच्या आवाराबाहेर, आपल्या धुळीत आणि आपल्या पावसात. तो अनुभव आमच्या डोंगरांवर घ्या.

धुक्याबद्दल स्पष्ट बोलू

या यंत्रांचा खरा वैरी पाऊस नाही, धुके आहे. पावसाचा थेंब प्रकाशाच्या लांबीच्या मानाने फार मोठा असतो आणि थेंबांमध्ये मोकळी जागा भरपूर असते. तासाला 25 मिलिमीटर पावसात एका किलोमीटरनंतर साधारण चौथा ते आठवा हिस्सा प्रकाश उरतो. यंत्र ते सोसते. धुक्याचे कण काही मायक्रॉनचे, म्हणजे प्रकाशलहरीच्या मापाजवळचे असतात, आणि हवेच्या कणाकणात असतात. 200 मीटरपलीकडचे दिसेनासे झाले, तर एका किलोमीटरमध्ये दहा लाखांतला एक भागही प्रकाश पलीकडे पोचत नाही. अशा वेळी वेग कमी होत नाही, दुवा बंदच पडतो.

आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत नदीकाठच्या सखल भागात पहाटेचे धुके उतरते. घाटावर श्रावणात ढगच खाली येतात. उन्हाळ्यात धूळ आणि हवेची थरथर. हे लपवून कोणी ही यंत्रे विकत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण म्हणून यंत्रच निकामी ठरवणेही बरोबर नाही. फायबर जेसीबीने तुटते, दुवा धुक्याने तुटतो, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. समजा फायबर वर्षातले शंभरांतले दोन तास बंद असते आणि प्रकाशदुवाही तेवढाच बंद असतो. दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची वेळ दहा हजारांत चार तासांवर येते. दुसऱ्या वाटेचे मोल हे आहे. शिवाय प्रकाशाच्या जोडीला उच्च वारंवारतेचा छोटा रेडिओ दुवा लावला, तर धुक्यात रेडिओ चालतो आणि मुसळधार पावसात, जेव्हा असा रेडिओ दमतो, तेव्हा प्रकाश बऱ्याच अंशी टिकतो. अशी जोडयंत्रे जगात वापरात आहेत.

पण पांढुर्ण्यात वर्षातले किती तास दृश्यता एका किलोमीटरच्या खाली जाते, रामाकोना आणि लोधीखेड्याच्या पट्ट्यात ती किती वेळ तशी राहते, घाटमाथ्यावर किती? याचे उत्तर काँगो नदीवर मिळणार नाही आणि अहमदाबादच्या आवारातही मिळणार नाही. ते इथेच मोजावे लागेल. म्हणून आम्ही थेट खरेदी मागत नाही, चाचणी मागतो.

असे आपण आधी केले आहे

ऑगस्ट 1975 ते जुलै 1976 या वर्षात इस्रोने ‘साइट’ हा प्रयोग केला. नासाचा एटीएस-6 उपग्रह वर्षभरासाठी मिळाला होता. सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत जाळीच्या तबकड्या बसवून दूरदर्शन थेट उपग्रहावरून दाखवले गेले. त्या सहा राज्यांत मध्य प्रदेश होता. निवडलेली गावे रायपूरच्या बाजूची, आज छत्तीसगडात आहेत. विक्रम साराभाईंनी पाहिलेले हे स्वप्न त्यांच्या मृत्यूनंतर प्रत्यक्षात आणणाऱ्यांत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस हे मराठी शास्त्रज्ञ आघाडीवर होते.

साइटची थोरवी उपग्रहात जेवढी होती तेवढीच पद्धतीत होती. मुदत एक वर्ष, आधीच ठरलेली. गावे वीज, रस्ता, दुरुस्तीची सोय पाहून निवडलेली. संच बिघडला तर तो किती दिवसांत दुरुस्त होतो याची नोंद. गावात राहून अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ. शेवटी काय जमले आणि काय जमले नाही याचे जाहीर अहवाल. त्या वर्षाच्या शिदोरीवर पुढे इन्सॅट उपग्रहांची पायाभरणी झाली. दिल्लीत बसून अंदाज बांधण्याऐवजी खेड्यात जाऊन मोजायचे, ही परंपरा आपलीच आहे. आम्ही फक्त तिचा एक छोटा प्रयोग आमच्या दोन तालुक्यांत मागतो आहोत.

आमच्या मागण्या

1. जिल्ह्यात तीन प्रकारच्या ठिकाणी दुवे उभारा: एक नदी ओलांडणारा, एक डोंगर आणि जंगल ओलांडून ग्रामपंचायतीला जोडणारा, आणि एक शहरात जिल्हा कचेरी आणि रुग्णालय यांना दुसरी वाट देणारा. तिन्ही सुधारित भारतनेटच्या रिंगचा भाग असावेत, शोभेच्या वस्तू नव्हेत. खर्च डिजिटल भारत निधीतून व्हावा.

2. प्रत्येक दुव्याजवळ दृश्यता, पाऊस आणि तापमान मोजणारी उपकरणे लावा. दुवा किती मिनिटे बंद पडला आणि त्या वेळी हवा कशी होती, हे दोन्ही एकाच तक्त्यात हवे. त्याशिवाय पुढच्या जिल्ह्याला त्याचा उपयोग होणार नाही.

3. हा तक्ता दर महिन्याला हिंदीत आणि मराठीत जाहीर करा. साइटचे कार्यक्रम चार भाषांत होते, त्यांत मराठी नव्हती. पांढुर्णा-सौंसरच्या घराघरांत मराठी बोलली जाते. ज्यांच्यासाठी प्रयोग, त्यांना तो वाचता आला पाहिजे.

4. डोळ्यांच्या सुरक्षिततेचे प्रमाणपत्र असल्याशिवाय एकही यंत्र बसवू नका. 1550 नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातच शोषला जातो, पडद्यापर्यंत फारसा पोचत नाही, हे खरे. तरी किरणाची वाट माणसांच्या उंचीवरून जाऊ नये आणि गावसभेत लोकांना हे समजावून सांगावे. नाहीतर अफवा यंत्रापेक्षा वेगाने पोचतील.

5. जागा, वीज आणि देखभाल यांची जबाबदारी आधीच लिहून ठरवा. पाण्याची टाकी जनपदाची, गच्ची शाळेची, यंत्र कंपनीचे आणि बॅटरी कोणाचीच नाही, असे होऊ नये. भिंग पुसणे, वादळानंतर नेम पुन्हा बसवणे, बॅटरी बदलणे ही कामे आयटीआय शिकलेली आमची मुले-मुली करू शकतात. त्यांना प्रशिक्षण द्या, मानधन द्या.

6. सीमेचा प्रश्न सोडवा. आमचा मोठा बाजार, मोठे दवाखाने, शिक्षण यांचा ओढा नागपूरकडे. दूरसंचाराची सर्कल मात्र वेगळी: इकडे मध्य प्रदेश, सावनेरपासून महाराष्ट्र. हद्दीवरच्या दोन टेकड्या समोरासमोर असूनही जर दुवा केवळ परवान्याच्या रेषेमुळे जोडता येणार नसेल, तर दूरसंचार विभागाने चाचणीपुरती तरी वेगळी परवानगी द्यावी. फायबर दोन्ही बाजूंनी आले तर रिंग खऱ्या अर्थाने पुरी होईल.

7. गर्दीच्या दिवसांसाठी हलवता येणारा एक दुवा जिल्ह्याकडे ठेवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते, तेव्हा माणसे जखमी होतात आणि मोठी गर्दी लोटते. जामसावळीच्या हनुमान मंदिरातही उत्सवाला अशीच गर्दी. अशा दिवशी रुग्णवाहिका, डॉक्टर आणि नियंत्रण कक्ष यांच्यात मोबाइलच्या गर्दीपासून वेगळी वाट असली पाहिजे. हे दुवे खड्डा न खणता थोड्या वेळात उभे राहतात असे बनवणारे सांगतात. तेही इथे तपासले जाईल.

8. वर्ष संपल्यावर निकाल सांगा. दुवा उपयोगी ठरला तर पुढच्या गावांची यादी द्या. ठरला नाही तर तसे स्पष्ट लिहा आणि कारणे द्या. दुसरा निकालही आम्ही मान्य करू, कारण तो मोजून आलेला असेल.

शेवटची विनंती

आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती यातला एकेक भाग आहे. निधी एकाकडे, तंत्रज्ञान दुसऱ्याकडे, परवानगी तिसऱ्याकडे, आणि जमिनीवरची यंत्रणा कलेक्टर साहेबांकडे. आजवर अशा कामांत प्रत्येक जण दुसऱ्याच्या पत्राची वाट पाहत राहतो आणि फाइल थांबते. म्हणून हे पत्र एकाच वेळी सगळ्यांना लिहिले आहे. कलेक्टर साहेब, पहिले पाऊल आपण उचलावे ही विनंती. जिल्ह्यातल्या कुठल्या ग्रामपंचायतींची रिंग पुरी झालेली नाही आणि का, याची यादी काढून जाहीर करा. तिला खर्च लागत नाही, दिल्लीची परवानगीही लागत नाही. ती यादी हाती आली की कुठल्या टेकडीवरून कुठली टाकी दिसते हे सरपंच, पटवारी आणि गावची पोरे आपणहून दाखवतील.

तीनशे मीटरवर, एक किलोमीटरवर आपल्या शास्त्रज्ञांनी हे करून दाखवले आहे. जगात पाच किलोमीटरवर नदी ओलांडली गेली आहे. आमच्या जिल्ह्यात ज्या उणिवा भरायच्या आहेत त्या याच मापाच्या आहेत. पुढचा हिवाळा सुरू होण्याआधी पहिला दुवा उभा करा, म्हणजे पहिल्या धुक्यापासूनच मोजणी सुरू होईल.

आपला,
पांढुर्णा जिल्ह्यातील एक नागरिक